डाव्या हाताची खोड

उजवीकडे उभं राहायची भीती वाटणारा माणूस तुम्हाला भेटला नसेल. सापाची वाटते, भुताची वाटते, सासऱ्याची वाटते. पण मैदानाच्या उजव्या अंगाला उभं राहायचं म्हटलं की हातपाय गार पडायचे, असा मी एकटाच असेन. हसा खुशाल. आता मीही हसतो, पण त्या वेळी माझी पाचावर धारण बसायची.

माझ्या डाव्या डोळ्याला दिसत नाही. तेराव्या वर्षापासून नाही. आमची संत्र्याची बाग चांदूर बाजारच्या अंगाला. संत्र्याच्या झाडाला काटे असतात हे संत्रं खाणाऱ्याला माहीत नसतं, आणि जुन्या झाडाचा काटा बोटभर लांब असतो. वडिलांनी फांदी ओढून धरली होती, मी खाली वाकून फळं तोडत होतो. फांदी त्यांच्या हातून सुटली. एवढंच झालं. अमरावतीच्या दवाखान्यात पट्टी सुटली तेव्हा डॉक्टर आईला बाजूला घेऊन म्हणाला, "हा गेला. दुसरा जपा." वडील बाहेर झाडाखाली डोकं धरून बसले होते. दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता.

आई आत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "तुया बापाले सांगू नोको. दिसते म्हनजो. तो जीवाचं काही करून घेईन."

मी "दिसते" म्हणालो. वडिलांनी मला उचलून छातीशी धरलं. वरून डोळा चांगलाच दिसायचा, कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका, बाकी काही नाही. त्यामुळे खोटं सहज खपलं. पण त्या खोट्यानं मला पुरतं अडकवलं, कारण दिसत असलेल्या मुलानं बागेत जायला काय हरकत? पुढच्याच बहाराला वडिलांनी हाक मारली, "चाल रे, फांदी धर." मी गेलो. एका डोळ्यानं पाहताना काटा जवळ आहे की लांब, हे कळत नाही. पान दिसतं, काटा दिसतो, पण दोघांत अंतर दिसत नाही. मी उजव्या डोळ्यावर हाताची ओंजळ धरून झाडाखाली शिरायचो आणि आत गेल्यावर अंगाला घाम फुटायचा. वडील हसायचे. म्हणायचे, "उन्हाले एवढा काय भेतं बे?"

तेव्हाच मी ठरवलं होतं, या बागेतून सुटायचं.

सुटकेची वाट अमरावतीत सापडली. हायस्कूलसाठी मला तिथं ठेवलं ते एका व्यायामशाळेच्या वसतिगृहात. आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रांतात होता आणि कचेरीचं सगळं नागपूरकडून यायचं. पण कसरतीच्या बाबतीत अमरावतीकर कोणाला मोजत नसत. तिथले मास्तर मद्रासेला जाऊन बास्केटबॉल नावाचा एक नवा खेळ शिकून आले होते. त्यांनी मुरमाचं मैदान चोपून घेतलं, दोन्ही टोकांना आंब्याच्या फळ्या उभ्या केल्या आणि लोहाराला कडी करायला सांगितली. लोहारानं आयुष्यभर मोटेच्या तोंडाचीच कडी केलेली. त्यानं त्याच मापाची दोन घडवली आणि विचारलं, "पानी कुठं हाय?" जाळी नव्हती. चेंडू कड्यातून गेला की बाहेरून गेला यावर रोज भांडण व्हायचं.

मास्तर दरवर्षी आपल्या चमूतला एक जण कसरतीच्या मास्तरांच्या वर्गाला पाठवत. वर्ग पुरा केला की कुठल्याशा शाळेत नोकरी ठरलेलीच. म्हणजे माझ्यासाठी बाग संपली, काटे संपले. अट एकच होती, आणि ती मास्तर पुन्हा पुन्हा सांगत, "गडी अव्यंग पायजे. खोट असलेला मी धाडत नाही." हा शब्द कानावर पडला की मी मान खाली घालायचो, उगाच लंगोटाची गाठ तपासायचो.

आता या खेळातल्या जागा सांगतो, त्याशिवाय माझी भीती समजायची नाही. एका बाजूला पाच गडी. आपल्या कड्याजवळ दोन गार्ड, एक डावा एक उजवा. त्यांनी राखण करायची. पलीकडच्या कड्याजवळ दोन फॉरवर्ड; त्यांनी चेंडू कड्यात टाकायचा. मधोमध सेंटर. तो उंच असावा, कारण प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यावर उडवत आणि तो उडी मारून आपल्या माणसाकडे टोलवायचा. मास्तरांना हे आम्हाला समजावायचं होतं आणि आम्ही सगळे होतो आट्यापाट्या खेळलेले. मग ते सरळ म्हणाले, "पोट्टेहो, पाटी समजा. हरेकानं आपली पाटी धराची. पाटी सोडली का मेला."

आट्यापाट्यात ते खरंच आहे. तिथं जमिनीवर आखलेल्या रेघेवर, म्हणजे पाटीवर, एकेक गडी उभा राहतो आणि ओलांडून जाऊ पाहणाऱ्याला हात लावून मारतो. पाटी सोडायची सोय नाही. पण बास्केटबॉल तसा खेळ नाही, आणि हे आम्हाला कोण सांगणार? आमच्या कड्यावर मारामार चाललेली असायची आणि आमचे दोघे फॉरवर्ड पलीकडे कमरेवर हात ठेवून पाहुण्यासारखे उभे. बाहेरगावचे चमू आम्हाला पाहून हसायचे. मास्तर मात्र आम्ही जागचे हललो नाही म्हणून खूश.

मीही खूश होतो, आणि त्याचं कारण वेगळं होतं. मास्तरांनी मला डावा गार्ड केलं होतं. समोरच्याकडे तोंड करून उभं राहिलं की माझ्या डाव्या हाताला चुन्याची रेघ, आणि रेघेपलीकडे कोणी नाही. जे काही यायचं ते समोरून किंवा उजवीकडून. गार्डानं बास्केट टाकायचं नसतं, त्यामुळे अंतर मोजायचं कामही नव्हतं. मी चेंडू छातीवर घ्यायचो आणि सेंटरकडे द्यायचो. सगळ्या जगात माझ्यासाठी केलेली जागा असेल तर तीच.

तरी कोणी तरी रेघेच्या कडेनं यायचाच. म्हणून मी डावा हात अंगापासून लांब, बोटं पसरून धरायचो. कोणी शिरला की हाताला लागायचा, मग मी वळायचो. पण या खेळात माणसाला हात लावणं हा गुन्हा. त्याला फाउल म्हणत, आणि चार फाउल झाले की गडी बाहेर. शिट्टी वाजली की मास्तर ओरडायचे, "पाटी खेळून राहिला का बे? हात आवर!" सगळे हसायचे. आट्यापाट्याची खोड, जाता जात नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी तोंडदेखला ओशाळायचो आणि मनात देवाचे आभार मानायचो. त्या खोडीआड माझा डोळा झाकला गेला होता.

भीती सगळ्यात जास्त वाटायची ती जेवताना. वसतिगृहात पंगतीला पाणी वाढायची पाळी लागायची. तांब्याचं तोंड जेवणाऱ्याच्या पेल्याला लागता कामा नये, नाही तर तांब्या उष्टा. आणि मला तर पेला किती खाली आहे तेच कळेना. पहिल्या आठवड्यात दोघांच्या भातात पाणी ओतलं. नंतर मी तांब्याचं तोंड पेल्याच्या काठाला अलगद टेकवून ओतायला शिकलो. इतकं अलगद, की आवाज होत नसे. कोणी पाहिलं तर काय, हा विचार पंगत उठेपर्यंत सुटत नसे. कोणी कधी बोललं नाही.

तिसऱ्या वर्षी मास्तरांनी जाहीर केलं, अकोल्याची मॅच पाहून यंदाचं नाव ठरवणार. नाव दोघांपैकी एकाचं, हे सगळ्यांना माहीत होतं. एक मी. दुसरा आमचा सेंटर. तो अंजनगाव सुर्जीकडचा, घरी काळ्या मातीची थोडी जमीन आणि चार भाऊ. उंच, शांत, कामापुरतं बोलणारा. उडी अशी घ्यायचा की बाकीचे बघत राहायचे. त्याच्यासमोर माझा टिकाव लागणं कठीण होतं, हे मलाही कळत होतं.

आम्ही सकाळी निघालो, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि अकोल्याला उतरलो. उतरताना आमच्या उजव्या गार्डाचा पाय फलाटाच्या कडेला मुरगळला. मैदानावर पोचेपर्यंत घोटा सुजून टरारला. राखीव गडी एकच होता, तो डावीकडेच खेळलेला. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं, "तू उजवीकडं ये."

उजवा गार्ड म्हणजे रेघ उजव्या हाताला आणि सगळं मैदान डाव्या हाताला. सगळी माणसं, सगळे पाय, चेंडू, सगळं त्या बाजूला, जिथं मला काही नव्हतं. "मास्तर, मी डावीकडंच..." एवढं म्हणालो. ते म्हणाले, "कावून? उजवीकडं काय काटे हायेत?"

मी जाऊन उभा राहिलो.

सुरुवातीच्या दहा मिनिटांत तीन शिट्ट्या वाजल्या, तिन्ही माझ्यावर. माझा हात आपोआप डावीकडे पसरायचा आणि तिकडे कोणी ना कोणी असायचंच. एकदा तर बोटं एकाच्या थेट तोंडावर गेली. अकोलेकर हसून लोटपोट. विश्रांतीला त्यांनी आम्हाला संत्री सोलून दिली. सालीचा तो वास नाकात गेला आणि मी माझ्या फोडी शेजाऱ्याच्या हातात दिल्या. मास्तर जवळ येऊन दातओठ खात म्हणाले, "अजून एक फाउल, का तू बाहेर. मंग चार गड्यायनं खेळू का? हात बांध."

मी हात बांधला. दुसऱ्या डावात डाव्या हाताचा अंगठा चड्डीच्या नाडीत अडकवला आणि तसाच उभा राहिलो. आता माझ्याकडे डोळाही नव्हता आणि हातही नव्हता. मुरमावर पावलं वाजायची तेवढी ऐकू यायची, पण दहा जणांची पावलं. त्यातलं आपल्याकडे येणारं कुठलं? चेंडू कुठून तरी येईल आणि उजव्या डोळ्यावर बसेल, मग दोन्हीकडे सारखंच होईल, हे एकच डोक्यात. मी चेंडूकडे पाहायचं सोडून मान डावीकडे वळवत राहिलो.

माझ्यासमोर त्यांचा डावा फॉरवर्ड होता, बुटका आणि चपळ. एकदा तो माझ्या डाव्या अंगानं गेला आणि त्यानं बास्केट टाकलं. मला कळलं ते लोक ओरडले तेव्हा. दुसऱ्यांदा तसाच गेला. तिसऱ्यांदा जायच्या आधी तो थांबला आणि त्यानं सरळ माझ्या डोळ्यात पाहिलं, आधी उजव्या, मग डाव्या. मग परत जाऊन आपल्या सेंटरच्या कानाशी काही बोलला. त्या दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतकी वर्षं झाली, पण ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मला कळलं, यांना कळलं. आता सगळे याच बाजूनं येणार, सगळ्या मैदानाला दिसणार, मास्तरांना दिसणार. उद्या बाग.

चेंडू मध्यावर उडाला. त्यांना मिळाला. पावलांचा आवाज डावीकडून आला, जवळ, अगदी जवळ, आणि मला राहवलं नाही. नाडीतून हात सुटला आणि डावीकडे पसरला. बोटांना घामानं भिजलेला सदरा लागला. चौथा. मी डोळे मिटून शिट्टीची वाट पाहू लागलो.

शिट्टी वाजली नाही. माझं मनगट कोणी तरी धरलं आणि खाली केलं.

"मी हावो," आमचा सेंटर म्हणाला. "इकडचं मी पाहतो. तू तुया अंगचं पाह्य."

त्यानं मध्य सोडला होता. तीन वर्षांत आमच्यातल्या कोणी जागा सोडली नव्हती. तो सोडून माझ्या डाव्या खांद्याशी येऊन उभा राहिला. मग मॅच संपेपर्यंत चेंडू मध्यावर उडवायला तेवढा जायचा, उडी मारायचा आणि पळत माझ्याकडे यायचा. "आला." "गेला." "समोर." एवढेच शब्द. बुटका त्यानंतर डावीकडून एकदाही शिरला नाही. पण मध्य रिकामा राहिला, आमच्या फॉरवर्डना चेंडू पोचेना. मास्तर रेघेबाहेरून घसा फोडत होते, "पाटी सोडू नोको! अबे, पाटी!" सेंटरनं तिकडे मान वळवली नाही. आम्ही हरलो.

मास्तरांनी आम्हाला तिथंच रांगेत उभं केलं. अकोल्याचे लोक पाहत होते. मास्तर सेंटरसमोर गेले. "कावून सोडली पाटी?"

सेंटर तळव्याला चिकटलेला मुरूम झाडत राहिला.

"तुले इचारून राहिलो. मधात कोनी नाही, आन् तू याच्या बाजूले काय करत होता?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी मनाला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. तीन शब्द पुरे होते, 'मले दिसत नाही'. ते माझ्या ओठांपर्यंत आले, तिथं मला काटे दिसले, आणि मी ते गिळले.

"चुकलं," सेंटर म्हणाला.

"चुकलं?" मास्तर म्हणाले. "अशा मानसाच्या भरोशावर कोनी शाळा द्यावी का?" आणि माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हा पाहा. हात चुकते त्याचा, पन जागा नाही सोडली यानं."

मी जागा सोडली नव्हती, कारण एक पाऊल डावीकडे टाकायची माझी छाती नव्हती.

दिवेलागणीला अकोल्याच्या यजमानांनी पंगत मांडली. पाणी वाढायची पाळी माझी होती. मी तांब्या घेऊन निघालो, एकेकाच्या पेल्यात ओतत सेंटरच्या पानाशी आलो. वाकलो. तांब्याचं तोंड खाली नेऊ लागलो तेवढ्यात त्यानं पेला उचलला आणि आपणच तांब्याच्या तोंडाला टेकवला.

"ओत," तो हलकेच म्हणाला.

मी ओतलं. या वेळी तांब्या पेल्यावर किणकिणला.

"पैल्या साली तू असा टेकवायचा तं मले लय राग याचा," तो पानाकडे पाहत म्हणाला. "वाटे, याले उष्टं-खरकटं काहीच कसं समजत नाही. मंग एक दिवस समजलं."

"कोनाले सांगितलं?"

"कोनाले सांगू?" एवढं बोलून त्यानं भात कालवला. मागून कोणी तरी पाणी मागितलं आणि मी पुढे गेलो. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी मास्तरांनी नाव सांगितलं, माझं. सेंटर परीक्षा होताच गावी गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा मी विहिरीवर आहे असा निरोप पाठवला. मी खोलीतच होतो.

वर्गाला गेलो त्या दिवशी डॉक्टरी तपासणी होती. आदल्या दिवसापासून माझ्या पोटात अन्न नव्हतं. डॉक्टरनं छाती मोजली, वजन केलं, जीभ पाहिली, गुडघ्यावर टकटक केली आणि कागदावर सही केली. मी तसाच उभा राहिलो. तो म्हणाला, "झालं, जा." डोळ्यांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. ज्या तपासणीला मी तीन वर्षं भीत होतो, ती नव्हतीच. बाहेर येऊन मी ओट्यावर बसलो आणि रडलो. बरोबरच्यांना वाटलं घरची आठवण आली.

नंतर सारा जन्म मी शाळाशाळांतून हाच खेळ शिकवला. नियम पुष्कळ बदलले, कड्यांना जाळ्या आल्या. पोरांना पहिल्या दिवशी मी पाच जागा समजावतो आणि दुसऱ्या दिवशी सांगतो, जागा सोडायला शिका. शेजारचा उघडा पडला की आपलं टाकून त्याच्याकडे धावा, मग मास्तर ओरडला तरी चालेल. पोरं विचारतात, सर, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मी म्हणतो, मद्रासेहून आलेल्या मास्तरांनी. आजवर हेच सांगत आलो.